पाणवठ्यावरचं डोहाळजेवण

सुचेता टिपणीसला मी तीस वर्षं ओळखते. एवढ्या वर्षांत तिनं मला 'कशी आहेस' असं एकदाही विचारलेलं नाही. 'जेवलीस का', एवढंच. माझे मिस्टर गेले तेव्हासुद्धा दारात उभं राहून तिनं तेच विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर सरळ आत जाऊन कुकर लावला. लंडनच्या कडेला पिनरमध्ये तिचं घर माझ्या घरासमोर. इथल्या प्रायमरी स्कूलमध्ये ती वीसेक वर्षं डिनर लेडी होती, म्हणजे पोरांना दुपारचं जेवण वाढणारी बाई. कुठलं पोर मटार न खाता ताटाच्या कडेला लपवतं आणि कुठलं घरून उपाशी येतं, हे तिला बघताक्षणी कळायचं. रिटायर झाली आणि खायला घालायला माणसंच उरली नाहीत. नवरा मुरलीधरराव, त्यांना डायबेटिस. मुलगा अनुप कामानिमित्त सारखा विमानात. राहिली मुलगी आसावरी, आणि खरी गोष्ट तिचीच आहे.

आसावरी नॉटिंगहॅमला असते, युनिव्हर्सिटीत शिकवते. तिचा नवरा अंशुमन तिथल्याच एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पोरीला तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा काही टिकलं नाही. तिसऱ्या खेपेला तर सुचेतानं हौसेनं चोरओटी भरली, म्हणजे तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती ओटी. गुपचूप कसली, वॉटफर्डपासून हॅरोपर्यंत सगळ्यांना पत्ता लागला होता. मग महिन्याभरात ते झालं, आणि ज्या ज्या बाईनं अभिनंदनाचा फोन केला होता तिनं तिनं पुन्हा फोन केला. त्या पोरीनं ते सगळे फोन घेतले. त्यातला एक फोन माझा होता.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात आसावरीला चौथ्यांदा दिवस राहिले. तिनं आईला स्पष्ट सांगितलं. "आई, या टाइमला काही करायचा नाही. ओटी नाही, साडी नाही, कुणाला सांगायचा नाही. आणि रोज फोन करून काय खाल्ला ते विचारू नको. मी करेन फोन. यू ब्रेक धिस, आणि मी बेबी येईपर्यंत तुला काहीच सांगणार नाही." इथे जन्मलेल्या पोरांचं मराठी असंच असतं, पण म्हणणं कळायला अडचण नव्हती. सुचेतानं शब्द दिला.

मला तिनं सांगितलं नाही हं. ते मी काढून घेतलं. असं काढून घेण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. सुपरमार्केटमध्ये पालकाची जुडी हातात घेऊन बाई नुसती उभी राहिली आणि डोळ्यांना धार. "लोह असतं गं यात," म्हणाली, "आणि मला सांगता येत नाही." तेव्हाच मी ओळखलं. तिला माझ्या घरी आणलं, चहा दिला आणि शपथेवर सांगितलं, की या वेळी माझं तोंड शिवलेलं राहील.

तर अशी ही बाई, जिला फक्त एकच प्रश्न विचारता येतो, आणि तोच विचारायला बंदी. दिवसातून दहा वेळा फोनजवळ जायची आणि परत यायची. ते अनुपनं पाहिलं. तो आदल्या वर्षी मित्रांबरोबर बोट्स्वानाला सफारीला गेला होता. तिथल्या लॉजसमोर एक पाणवठा आहे आणि त्यावर कॅमेरा लावलेला आहे. ते चित्र जगात कुठूनही कॉम्प्युटरवर दिसतं. अनुपनं मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते लावून दिलं आणि म्हणाला, "आई, ताईला फोन करावासा वाटला की इथे येऊन बस. हत्ती बघ."

"हत्ती बघून काय करू?" सुचेता म्हणाली.

"ते काय खातात ते बघ."

पोरगं हुशार. आईची नस बरोबर पकडली.

मी पहिल्यांदा बघायला गेले ती कुरकुरतच. चित्र म्हणजे काय, सिनेमासारखं हलतं नाही. एक फोटो येतो, तो अर्धा मिनिट तसाच राहतो, मग दुसरा येतो. आवाज नाही. जुलै महिना होता, इथे खिडकीबाहेर हिरवंगार लॉन, आणि तिथे वाळकं गवत, राखाडी झुडपं, मधे घमेल्यात साठावं तसं पाणी. दोन ठिपक्याठिपक्यांच्या कोंबड्या. मी म्हटलं, "सुचेता, हे बघण्यापेक्षा माझ्याकडे ये, मी तुला भिंतीवरचा रंग वाळताना दाखवते."

"थांब जरा," ती म्हणाली.

चित्र बदललं. कोंबड्या गेल्या. मैदान रिकामं. मी पर्स उचलली. आणखी एकदा बदललं, आणि पडद्यावर हत्तीच हत्ती. अर्ध्या मिनिटापूर्वी तिथे चिटपाखरू नव्हतं आणि आता पाण्याच्या सगळ्या काठानं हत्ती उभे होते, सोंडा खाली, धुळीनं अंग लाल. एवढं मोठं जनावर, एवढ्या संख्येनं, असं आलं कुठून? पायांचा आवाज झाला असेल, झुडपं मोडली असतील, पण आमच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.  मी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवसापासून जेवण उरकलं की मी समोर, त्या खोलीत.

काय काय पाहिलं म्हणून सांगू. जिराफाला पाणी प्यायचं तर पुढचे पाय फाकवून, मान खाली घालून, अगदी अवघडून वाकावं लागतं. एवढं उंच जनावर दोन घोट पाण्यासाठी केवढी जोखीम घेतं, कारण तेवढ्यात सिंह आला तर उठायलाही वेळ नाही. सिंहिणीही पाहिल्या. चौघी एका रेषेत बसून पाणी पीत होत्या, बायका नळावर बसतात तशा, आणि पलीकडे झेब्रे गुपचूप उभे, आपली पाळी यायची वाट बघत. कुणी कुणाला काही बोललं नाही. मी आयुष्यभर पोस्ट ऑफिसच्या काउंटरमागे बसले, रांगा मला चांगल्या कळतात. अशी रांग मी पाहिली नव्हती.

लॉजचा गाइड कागिसो नावाचा तरुण होता. तो महिन्याच्या महिन्याला ईमेल पाठवायचा, कुठला प्राणी कुठे दिसला, हवा कशी आहे. सुचेतानं त्याला पहिलंच पत्र लिहिलं ते असं, की तुमच्याकडच्या जनावरांना पुरेसं खायला आहे का. त्यानं बिचाऱ्यानं मनापासून उत्तर दिलं. आत्ता हिवाळा आहे, म्हणाला, पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. पाऊस एप्रिलपासून नाही. आतल्या जंगलातली डबकी आटली की सगळे आमच्या पाणवठ्यावर येतात, म्हणून तुम्हाला एवढे दिसतात. आम्हाला वाटत होतं आपण जत्रा बघतोय, आणि ती होती टंचाई.

सप्टेंबरात पानं तांबडी झाली आणि गळली. पाणी आक्रसून चिखलाच्या कडेत गेलं. हत्ती काठाजवळ पायानं वाळू उकरून खड्डे करायचे आणि त्यात झिरपलेलं स्वच्छ पाणी सोंडेनं प्यायचे. आणि मग एक गोष्ट झाली ती मला अजून खरी वाटत नाही. पावसाचा थेंब नाही, आभाळ कोरडं ठणठणीत, आणि त्या वाळलेल्या झाडांना पालवी फुटली. मी सुचेताला लिहून कागिसोला विचारायला लावलं. तो म्हणाला, इथली झाडं पाऊस यायच्या आधीच पानं काढतात, कसं कळतं ते मला नका विचारू. सुचेतानं ते मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं. त्या आठवड्यात आसावरीचा फोन आला नव्हता.

त्याच सुमाराला सुमन आली. म्हणजे हत्तीण. डाव्या कानाला मोठी खाच, एक सुळा आखूड. उभी राहताना मागचा भाग असा काही डौलात एका बाजूला टाकायची की सुचेता म्हणाली, "अगदी आमच्या सुमनवहिनी." नाव पडलं ते पडलंच. कळपात एक म्हातारी होती, ती पुढे असायची, सुमन सगळ्यांच्या मागून सावकाश यायची. पाणी पिऊन झालं की बाकीच्या जायच्या, आणि ही पाणवठ्याच्या कडेच्या वारुळापाशी थांबायची. सुळ्यानं वारूळ फोडायची आणि माती खायची. एक दिवस नाही, रोज.

"बघितलंस?" सुचेता म्हणाली. "माती खातेय. दिवस आहेत तिला."

"कशावरून?"

"मला अनुपच्या वेळी कुंडीतली माती खावीशी वाटायची. डोहाळे आहेत तिला, नीना. लिहून ठेव."

मी लिहून ठेवलं नाही, पण कागिसोला विचारलं. त्यानं कळवलं, की माती सगळेच हत्ती खातात, नरसुद्धा, मिठासाठी. मी मनातल्या मनात विजयाचा घोट घेतला, पण ईमेल पुढे होती. मात्र तुमचं अनुमान बरोबर आहे, ती गाभण आहे, पुढच्या दोन पायांच्या मधे बघा. हत्तिणीचे स्तन तिथे असतात, बाईसारखे छातीशी, आणि तिचे भरत चालले आहेत. आम्ही दोघी उठून पडद्याशी नाक लावून उभ्या राहिलो. खरंच होतं. हत्तिणीला बावीस महिने लागतात, तिचे वीस तरी झाले असावेत, असं त्यानं लिहिलं होतं. पाऊस वेळेवर आला तर आईला दूध पुरेल. उशीर झाला तर कठीण.

"बावीस महिने," सुचेता खुर्चीत बसत म्हणाली. "आणि करायला कुणी नाही."

आता ह्या बाईच्या डोक्यात काय शिजतंय हे मला कळायला हवं होतं. ऑक्टोबरात एक दिवस ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आसावरीला सातवा लागला. तिचं काही करायचं नाही म्हणाली, मी करत नाही. सुमनचं करते."

"सुमनचं काय?"

"डोहाळजेवण."

मी तिला वेड्यात काढलं. ती ऐकून घेईल तर शपथ. "अगं, करतात ना तऱ्हेतऱ्हेची," ती म्हणाली. "बागेतलं करतात, चांदण्यातलं करतात, नावेतलं करतात. हे पाणवठ्यावरचं." मुरलीधरराव पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "हत्तिणीला भात किती लावायचा याचा विचार केलाय का?" त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी सुरुवातीला चिडले होते, पण तिचा चेहरा पाहिला आणि विरघळले. चार महिन्यांत पहिल्यांदा तिला काही करायला मिळत होतं.

रविवारी दुपारी आम्ही पाच जणी जमलो. अलका आणि भिशीतल्या आणखी दोघी आल्या होत्या. त्यांना आसावरीचं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ही सुचेताची नवी गंमत. मागच्या खोलीत कॉम्प्युटरला हिरवा खण गुंडाळला होता, वरून फुलांची वेणी. समोर चौरंग, रांगोळी, समई. ताटात मसालेभात, नारळीभात, साखरभात, दहीभात, अळूवडी, करंज्या, सगळं. अलकानं दोन वाट्या झाकून आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सुमनची वेळ साधारण तीनची, म्हणून आम्ही तेव्हाच ओवाळायला बसलो. उत्सवमूर्तीचा पत्ता नव्हता. पडद्यावर दोन रानडुकरं. "हिच्या सासरचे दिसतात," अलका म्हणाली आणि आम्ही हसून हसून बेजार झालो.

तेवढ्यात मागे दार वाजलं आणि आसावरी उभी.

नॉटिंगहॅमहून न सांगता गाडी चालवत आली होती. लांब हिवाळी कोट अंगात, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पण कोट कितीही मोठा असला तरी सातवा महिना त्यात मावत नाही. तिनं रांगोळी पाहिली, हिरव्या बांगड्या पाहिल्या, वाट्या पाहिल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई, मी नको म्हटला होता," ती म्हणाली. "आय आस्क्ड यू वन थिंग."

सुचेता हातात निरांजन घेऊन उभी.   आता ही पोरगी वळणार, गाडीत बसणार, आणि ह्या आईला बाळ येईपर्यंत काही कळणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. समजावून सांगायचं तर काय सांगणार? हे तुझं नाही गं, हत्तिणीचं आहे? कोण विश्वास ठेवेल?

आणि तेव्हा चित्र बदललं.

सगळा कळप आला होता. ऑक्टोबरचं ऊन, मागे सगळं पांढरं भाजलेलं, आणि पाण्याच्या काठानं लाल हत्तींची रांग. सगळ्यात पुढे, अगदी कॅमेऱ्याजवळ, आडवी उभी सुमन. एवढ्या जवळ ती कधीच आली नव्हती. कानाची खाच, डोळ्याखालच्या सुरकुत्या, पापण्यांचे लांब केस, आणि जमिनीकडे ओढणारं ते पोट. हिरव्या खणाच्या चौकटीत पडदाभर तीच. आम्हा सगळ्यांच्या माना वळल्या. आसावरीचीही वळली.

ती दोन पावलं पुढे आली. कुणी हललं नाही. चित्र बदललं, सुमननं सोंड तोंडात घातली होती. आणखी बदललं, आता पाण्याचा थेंब ओठावरून गळत होता.

"हू इज शी?" आसावरीनं विचारलं.

"सुमन," सुचेता म्हणाली. "तिचं डोहाळजेवण आहे."

आसावरी बघत राहिली. "किती महिने?"

"बावीसातले एकवीस झाले असतील."

"ट्वेंटी टू मंथ्स," ती हळूच म्हणाली. "पुअर थिंग. आणि ती चालत येतो इथे? रोज? या गरमीत?"

"रोज येते," सुचेता म्हणाली.

आता आश्चर्य ऐका. मी त्या पडद्यावर सिंह पाहिले, जिराफ पाहिले, पावसाआधी फुटलेली पालवी पाहिली. पण पाच मराठी बायकांनी सात महिन्यांचं पोट डोळ्यांसमोर असताना एक अवाक्षर काढलं नाही, हे त्या सगळ्याहून मोठं. अलका, जी बसस्टॉपवरच्या परक्या बाईला कितवा म्हणून विचारते, ती अलका गप्प. तिनं आसावरीच्या कोटाकडे एकदा पाहिलं, सुचेताकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आसावरी, बरं झालं आलीस. सुमनला काही इथे येता येत नाही. तिच्या वाटचं कुणीतरी खायला पाहिजे. आम्ही सगळ्या डाएटवर."

कसलं डाएट. पण आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

 आसावरीनं कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. वरचं, मग त्याखालचं. कोट काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि चौरंगासमोर बसली. आणि काय जेवली म्हणता. चारही भात, अळूवड्या, दोन करंज्या, पुन्हा मसालेभात. सुचेता वाढत होती, पण तिनं 'आणखी घे' असं एकदाही म्हटलं नाही. ओटी तिनं कॉम्प्युटरची भरली, नारळ, तांदूळ, खण, सगळं कीबोर्डवर. अलकानं वाट्या पुढे केल्या. "सुमनच्या वतीनं उघड." आसावरीनं उघडली, पेढा निघाला, आणि तोही तिनं खाल्ला. तोवर सुमन पाण्यावरून निघून वारुळापाशी गेली होती. संध्याकाळी आसावरी डबे घेऊन परत गेली. स्वतःबद्दल ती बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. भिशीतल्या बाकी कुणालाच पुढे काही कळलं नाही, हे आणखी एक आश्चर्य.

नोव्हेंबरात कागिसोची ईमेल आली, पाऊस आला. चित्रात पहिल्यांदा आभाळ काळं दिसलं. मग पडद्यावर नुसत्या तिरक्या रेघा, मग पाणीच पाणी. आठवड्याभरात ते भाजलेलं मैदान असं हिरवं झालं की कुणीतरी चादर बदलली असावी. आणि हत्ती गेले. एकही नाही. जिराफ नाही, झेब्रे नाहीत, सुमन नाही. काठोकाठ भरलेला पाणवठा आणि त्याच्याकडे बघणाऱ्या आम्ही दोघी.

त्याच दिवसांत आसावरीचे फोन थांबले. अंशुमननं एक निरोप दिला, ब्लड प्रेशर वाढलंय, ॲडमिट केलंय, काळजी करू नका, ती स्वतः फोन करेल. काळजी करू नका म्हणे. सुचेता रिकाम्या पडद्यासमोर बसून असायची आणि फोन मांडीवर. "गेली कुठे ही?" म्हणायची. दोघींपैकी कुणाबद्दल म्हणतेय ते मी विचारत नव्हते. शेवटी तिनं कागिसोला लिहिलं, की सुमन दिसत नाही, तिला काही झालं का.

त्याचं उत्तर मला पाठ आहे. मॅडम, आता जंगलात पावलोपावली पाणी आहे, गवत आहे. त्यांना आमच्याकडे यायची गरज नाही. पाहुणे तक्रार करतात की प्राणी दिसत नाहीत, पण आम्हा इथल्या लोकांसाठी रिकामा पाणवठा ही वर्षातली सगळ्यात चांगली बातमी आहे. दिसत नाहीत म्हणजे सुखात आहेत.

सुचेतानं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग फोन मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, "जेवलीस का?"

डिसेंबर संपता संपता फोन वाजला. मी तिथेच होते. सुचेता उचलेना, हात पुढे जाईना. मी उचलून तिच्या कानाला लावला. पलीकडून आसावरी म्हणाली, "आई, तू ये. आणि तो मसालेभात आण." सुचेता दुसऱ्या दिवशी पहिल्या ट्रेननं गेली. पाणवठा माझ्यावर सोपवून गेली. मी दुपारी मुरलीधररावांना चहा द्यायची आणि खुर्चीत बसायची. पांढरे करकोचे आले होते, काठावर पिवळी फुलं, आणि पाण्यात आभाळ एवढं मोठं दिसायचं की डोळ्यांत मावायचं नाही. मी कुणावरही न रागावता तासभर बसून राहू शकते हे मला त्या जानेवारीत कळलं. संध्याकाळी हॉस्पिटलमधून सुचेताचा फोन यायचा. "कोण आलं?" "कुणी नाही." "छान," ती म्हणायची. मग एका संध्याकाळी मी 'कुणी नाही' म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "नीना, आली गं. अन्वी नाव ठेवतायत. दूध ओढतेय नीट." आणि आम्ही दोघी फोनवर पोटभर रडलो.

जून आला. तिकडे पुन्हा गवत वाळायला लागलं होतं. आसावरी बाळाला घेऊन माहेरी आली होती आणि तीसुद्धा जेवण झालं की आमच्याबरोबर मागच्या खोलीत बसायची, अन्वी मांडीवर. एके दिवशी ती म्हणाली, "आई, ती बघ. कान."

सुमनच होती. म्हातारी पुढे, बाकीच्या हत्तिणी अशा खेटून उभ्या, की मधे नुसत्या पायांची भिंत. एवढ्या दाटीनं त्या कधी उभ्या राहत नव्हत्या. आम्ही तिघी पुढे वाकलो. चित्र बदललं, भिंत तशीच. पुन्हा बदललं, आणि दोन पायांच्या फटीत काहीतरी छोटं, राखाडी, केसाळ, सोंड कुठे ठेवावी हे न कळलेलं. पुढच्या चित्रात ते नव्हतं. मावश्या आणखी जवळ सरकल्या होत्या.

"होतं ना?" मी म्हटलं. "पिल्लू होतं ना? मी कागिसोला लिहिते."

"नको," सुचेता म्हणाली. "तिला दाखवायचं तेव्हा ती दाखवेल."

 अन्वीच्या डोक्यावरून हात फिरवत आसावरी त्या पायांच्या भिंतीकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "आई, तो जेवण माझा होता ना? खरं सांग."

सुचेतानं पडद्यावरची नजर काढली नाही. "छे गं. पेढा निघाला होता, आणि तुला मुलगी झाली. जेवण सुमनचंच होतं. तू फक्त जेवलीस."